चिनी लेखिकेच्या चरित्राचा दुसरा भाग

सुरुवातीलाच माफी मागतो. लेखक म्हणवून घेण्याचा मला अधिकार नाही, आणि चिनी लेखिकांवर लिहिण्याचा तर मुळीच नाही. चिनी मला येत नाही. इंग्रजी येतं तेही कोश जवळ घेऊन शिकलेलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. खरं तर माझ्याआधी कुणी सहीसुद्धा केली नव्हती. कर्जतच्या वाचनालयाच्या चिटणीसांनी मात्र आग्रह धरला, की तुम्ही मुंबईला असताना चिनी लेखिकांविषयी बरंच वाचलंत म्हणे, ते आमच्या हस्तलिखित अंकाला द्या. दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा वाटलं, नाही म्हणण्याचं कारण तरी सांगावं. ते सांगायचं तर एवढं सगळं लिहावं लागतं.

युद्धाची वर्षं होती. कॉलेजच्या वाचनखोलीत एक इंग्रजी मासिक येई. त्यात चीनमधल्या नव्या लेखिकांची ओळख करून देणारी माला चालू होती, दर अंकात एक बाई. एकीचे पाय आजीने लहानपणी बांधले होते, ते तिने शाळेत गेल्यावर स्वतःच्या हाताने सोडले. एक सैनिकांबरोबर डोंगर तुडवत होती आणि मुक्कामाला गुडघ्यावर वही ठेवून लिहीत होती. एकीला नवऱ्याने टाकलं, तर तिने ते सगळं छापून टाकलं. लोक चहाच्या दुकानात बसून तिला शिव्या देत आणि तिचंच पुस्तक एकमेकांच्या हातून ओढून घेत. मी हे वाचून थक्क होई. बायकांनी लिहिलेलं पुस्तक मी तोवर हातातही धरलं नव्हतं.

चौथ्या लेखिकेचं चरित्र मोठं होतं, म्हणून दोन भागांत द्यायचं ठरलं होतं. ती नदीकाठच्या एका गावची. बाप भाताचा व्यापारी. तिला न विचारता तिचं लग्न ठरवलं. एकोणिसाव्या वर्षी, पहाटे, ती कोबीच्या पाट्या नेणाऱ्या नावेत बसली आणि तीन दिवसांनी शहरात उतरली. मुलींच्या शाळेच्या दारावरची पाटी तिने मोठ्याने वाचली, आणि तिथेच पहिला भाग संपला. पुढचा अंक मात्र आलाच नाही. जहाजं वेळेवर येत नव्हती.

त्या दिवाळीला मी घरी आलो. आमचं गाव कर्जत आणि खालापूर यांच्यामध्ये, डोंगराच्या पायथ्याला. माझी थोरली बहीण तेव्हा माहेरीच होती. तिला मी बाय म्हणत असे. पाच वर्षं मूल झालं नाही म्हणून खालापूरकडच्या तिच्या नवऱ्याने दुसरी बायको केली होती, आणि बायला सणाला म्हणून आणून सोडलं ते न्यायला कुणी आलं नव्हतं. ती पहाटेपासून राबे, आणि जेवताना मात्र पाहुण्यासारखी थोडंसं वाढून घेई.

आम्ही खळ्यात भात झोडत होतो. मी तिला त्या चिनी बाईची गोष्ट सांगितली. नावेपर्यंत येताच ती थांबली.

"त्यांच्या नदीला बरंच पानी असंल रं," ती म्हणाली. "आपल्या नदीत शिमग्याला म्हसपण बुडत नाय. मानसानं पळायचं तर कुटनं पळावं?"

मी हसलो. ती हसली नाही. पेंढी उचलून पुन्हा झोडायला लागली, आणि थोड्या वेळाने खाली बघतच म्हणाली, "पुढं काय झालं तिचं?"

मला ठाऊक नव्हतं असं सांगायला हवं होतं. तो अंकच आला नाही, एवढं एक वाक्य. पण घरात मी शिकलेला होतो. मी काही सांगितलं की आई शेजारणीला म्हणे, "पुस्तकात हाय तसं." त्या मानाची मला सवय झाली होती. शिवाय बायचा चेहरा मला बघवत नव्हता. मी म्हणालो, "ती शिकली. मास्तरीण झाली. तिची पुस्तकं निघाली."

"आनि बाप?"

"बाप स्वतः आला तिला न्यायला," मी म्हणालो. हे कुठून सुचलं ते मला अजून कळलेलं नाही. "त्याच नावेतून. दारात तिला ओवाळलं. मग कुणीच काही बोललं नाही."

"पुस्तकात हाय?"

"आहे."

पुढचे पंधरा दिवस तिने माझ्याकडून अक्षरं शिकून घेतली. भात साठवायच्या कणगीच्या शेणाने सारवलेल्या अंगावर ती कोळशाने आपलं नाव काढी आणि आई येताना दिसली की ओल्या हाताने पुसून टाकी. पुण्यात बायकांना शिकवणारी आणि ठेवून घेणारी एक संस्था होती. तिथे अर्ज मीच लिहिला. संक्रांतीनंतर उत्तर आलं, आणि मी दोन दिवसांची रजा काढून आलो. बाय खालापूरच्या बाजाराला जाते म्हणून घरातून निघाली आणि माझ्याबरोबर कर्जतला आली.

पुण्याची गाडी कर्जतला थांबते, कारण घाट चढायला तिला मागून इंजिन जोडावं लागतं. बाय खिडकीतून वाकून ते बघत होती.

"ह्ये पुन्यापातूर जातं?"

"नाही गं. घाट चढवून देतं. वर गेलं की सुटतं आणि परत खाली येतं."

"मंजी तुज्यासारखंच," ती म्हणाली, आणि त्या दिवसातलं पहिलं हसू हसली.

तिला संस्थेत सोडून मी परत आलो आणि घरी सगळं कबूल केलं. बा एवढंच म्हणाला, "तुला शिकवला त्यो मी. चूक माजीच हाय." मी कॉलेजात परतलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत बायचं कार्ड आलं. तिच्या स्वतःच्या हाताचं, दोन ओळींचं. मी बरी आहे. बाई म्हणतात तुझं अक्षर गोल आहे. मी ते घरात मोठ्याने वाचून दाखवलं. आईने कार्ड हातात घेतलं, उलटं धरून बराच वेळ पाहिलं आणि देवाजवळ ठेवलं.

ज्येष्ठानंतर तिची पत्रं थांबली. मी मुंबईहून तीन लिहिली. उत्तर नाही. दिवाळीला घरी आलो तेव्हा पहिला प्रश्न तोच विचारला.

"बरी हाय," बा म्हणाला. "सांगावा आलावता. तिची परीक्सा हाय. भावानं सारकी पत्रं धाडू नयेत म्हने, पोरींचं ध्यान उडतं."

"मग भाऊबीजेला?"

"पुन्याहून कशी येईल?" आई चुलीकडे तोंड करून म्हणाली.

मला ते पटलं. संस्थांचे नियम असतात, असं मीच घरच्यांना अनेकदा सांगितलं होतं. बायसाठी मी मुंबईहून हिरवा खण आणला होता. तो बाच्या हातात दिला आणि पुण्याला पाठवा म्हणालो. त्याने तो घेतला. त्या वर्षी आईने करंज्या केल्या त्या शेजारणीच्या घरी जाऊन केल्या, आमच्या चुलीवर तेल ठेवलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, आमची कढई फुटली. त्याही गोष्टीवर मी विश्वास ठेवला, आणि करंज्या खाल्ल्या.

माघात ग्रंथपालांनी मला हाक मारली. उशिरा पोचलेल्या अंकांचा एक गठ्ठा सुटला होता. चरित्राचा दुसरा भाग त्यात होता. मी तो उभ्यानेच वाचला. अडलेल्या शब्दांसाठी कोश उघडावा लागला, पण शब्द थोडेच अडले.

ती शिकली, हे खरं होतं. मास्तरीण झाली आणि तिची पुस्तकंही निघाली, तेही खरं. तेवढं माझ्याकडून नकळत बरोबर सांगितलं गेलं होतं. पण बाप न्यायला आला नव्हता. चार वर्षांनी, पहिलं पुस्तक बरोबर घेऊन, तीच गावी गेली होती. दार उघडलं नाही. ज्या दिवशी ती नावेत बसली त्याच दिवशी ती वारली, असं घरच्यांनी गावात सांगून ठेवलं होतं. मेलेल्या मुलीला घरात कसं घेणार? ती परत फिरली. पुढे युद्ध आलं. शाळा उठून डोंगरात गेली, तिच्याबरोबर ती चालत गेली, आणि छातीच्या दुखण्याने एका खेड्यातल्या शाळेच्या खोलीत वारली. तिशीसुद्धा पुरी झाली नव्हती. लेखाच्या शेवटी तिच्या पुस्तकांची यादी होती.

मी तो भाग मराठीत उतरवून घेतला. बायला खरं सांगायचं, एवढंच मनात होतं. ती रागावली असती तरी चाललं असतं. रविवारी मी पुण्याला गेलो.

संस्थेच्या बाई प्रौढ होत्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी कपाटातून तीन पत्रं काढून माझ्यासमोर ठेवली. माझीच होती ती, न फोडलेली.

"चार महिन्यांत परत येते म्हणून गेली होती," त्या म्हणाल्या. "म्हणून ठेवली."

"कुठे गेली?"

"तुम्हाला माहीत नाही?" त्यांनी नोंदवही उघडली. "पावसाच्या तोंडाला वडील आले, मिस्टर आले. सवतीला दिवस गेलेत, लावणीला माणूस नाही म्हणाले. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, तुला जायचंय का? नको असेल तर मी बघते."

"मग?"

"ती म्हणाली, बा स्वतः आलाय. त्या चिनी बाईचा बापही असाच आला होता." बाईंनी वही माझ्याकडे फिरवली. "मी म्हटलं, कोण गं चिनी बाई? नुसती हसली. आनंदात गेली हो."

वहीत तिची सही होती. अक्षर खरंच गोल होतं.

दुपारच्या गाडीने मी कर्जतला उतरलो आणि तिथून चालत गावाला आलो. बा अंगणात पेंढ्याचा वेठ, भारे बांधायचा दोर, वळत बसला होता. मी अचानक आलेला पाहून त्याने माझ्या हातातल्या तीन पत्रांकडे बघितलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण ती कुठून आली ते त्याला कळलं.

"बा, बाय खालापुरात हाय ना?" मी विचारलं. खूप दिवसांनी मी घरच्या बोलीत बोललो होतो.

तो उठला, आत गेला आणि परत आला. त्याच्या हातात मी दिवाळीला दिलेला खण होता, दुकानाच्या कागदातच. तो त्याने माझ्यासमोर पेंढ्यावर ठेवला.

"व्हती," तो म्हणाला.

आई दारात येऊन उभी राहिली होती. मी विचारलं, कवा?

"दसऱ्यामागनं. हिवताप. शेत कापतानाच थंडी भरली. खालापुरात तापाचं कोयनेल मिळंना, लढाईवर गेलं म्हनले." तो पुन्हा खाली बसला आणि वेठ हातात घेतला. "तू दिवाळीला आलास त्याच्या आदी धा-बारा दिस. लगीन झालेल्या लेकीचं सुतक तीन दिसांचं. तू आलास तवा फिटलं व्हतं."

"मला कळवलं का नाय?"

बाने वर पाहिलं नाही.

"तुजी परीक्सा व्हती रं," तो म्हणाला.