हान्सचा करार आणि आत्याची टोपली

आमच्या सारसोळ्यात परदेशी माणूस राहायला आला एकच, पण किस्से टोपलीभर! मी चारचौघांत बोलत नाही, म्हणून ते सगळे माझ्याजवळच साठले.

हान्स तुर्भ्याच्या नव्या कारखान्यात फिटर, बाबा तिथेच शिपाई. कंपनीने त्याच्यासाठी आत्याची बाहेरची खोली घेतली. त्याचा इंग्रजी करार सदा खिशात. आत्याने मला तो वाचायला लावला. मालकाने राहायला जागा द्यावी, आजारपणात औषध द्यावं, मुदत संपल्यावर परतीचं तिकीट द्यावं...

"आगो, ह्ये तर लग्नापेक्षा बरं!" आत्या म्हणाली. "आमाला परतीचं तिकीट कोनी दिलं?"

*

करारात उकळलेलं पाणीही होतं. आत्या रोज नेमाने उकळायची. एकदा हान्सने पाहिलं, ती त्यात माठातलं गार पाणी ओतत होती!

"मंग?" आत्या म्हणाली. "कढत पानी कोन पिनार?"

*

आठवड्याची सुट्टी रविवारी. हान्सने विचारलं, आत्याची सुट्टी कधी? मी हळूच मराठीत सांगितलं.

"मेल्यावर!" ती म्हणाली. "तवापन बाराव्याचं जेवन कोन रांधनार, ते सांगूनच जाईन."

*

एका रविवारी काकांच्या होडीचं इंजिन बंद पडलं. हान्सने ते दुरुस्त केलं. आमच्याकडे होडीच्या कामाला हात लावला, की म्हावऱ्यात, म्हणजे धरलेल्या मासळीत, वाटा. नाही दिला तर जाळ्याला बरकत नाही! पण करारात लिहिलेलं, दुसऱ्या कोणाचं काम करून मोबदला घेतला तर नोकरी गेली. हान्सने हात जोडले. वाटा घेतला नाही. तरी त्याने वाटा घेतला, असं कोणीतरी मॅनेजरसाहेबांना सांगितलंच.

संध्याकाळी बाबा खाली मान घालून आले. "उद्या त्याचं तिकीट काढतायत."

सकाळी आत्या मला घेऊन थेट ऑफिसात! डोक्यावर बोंबील-कोलंबीची टोपली. हान्स कोपऱ्यात उभा.

"वाच गो, तो कागद."

मी कसंबसं वाचलं, "कराराच्या मुदतीत त्याच्या हातचं सर्व काम मालकाचं."

"झालं! काम मालकाचं, तर वाटापन मालकाचाच!" आत्याने टोपली साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब पक्के शाकाहारी! टोपलीचं पाणी करारावर टपटपू लागलं.

"आता दर रविवारी आनते," आत्या म्हणाली.

टायपिस्ट आधीच बाहेर पळाला होता. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"लिही, मुली! रविवारी हा आमचा नोकर नाही!"