न थरथरणारा ठिपका

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ताईचं राज्य होतं. पुढे मालक गोड बोलून फ्रेमी विकायचा आणि मागे ही चाकावर काचा घासायची. बावीस वर्षं झाली. बोटांची कातडी पाण्यानं कायमची सुरकुतलेली, आणि नाकावरच्या स्वतःच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कुणी हसलं तर म्हणायची, "आधी लोकांचे संपू देत, मग माझा नंबर." नंबर काही लागला नाही.

सगळं गाव तिला ताईच म्हणायचं. तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे असलेले मास्तरसुद्धा. या मास्तरांनीच तिला हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना काढून हौसेनं चालवायच्या बिनतारी संचाचा, नाद लावला. शाळेत शिकवून निवृत्त झालेला माणूस, चष्मा करायला आला आणि दोन तास रेडिओविषयी बोलत बसला. ताईनं परीक्षा दिली, नापास झाली, आठ दिवस घरात कुणाशी धड बोलली नाही, आणि नवव्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडलं. दुसऱ्या खेपेला पास झाली. मग मालकाच्या परवानगीनं फ्रेमींच्या खोक्यांवरच्या फळीवर तिनं रेडिओ मांडला, आणि गावातल्या हॅमवाल्यांच्या क्लबातले पाच-सहा जण रविवारी तिथंच जमायला लागले.

बाकीच्यांना हौस लांबच्या देशांशी गप्पा मारायची. ताईला गप्पांचा कंटाळा. "तुमच्याकडे हवा कशी, आमच्याकडे बरी, एवढ्यासाठी एवढी मोठी अँटेना?" तिचा जीव ठिपक्यांत. तळहाताएवढा ट्रॅकर बॅगेला अडकवायचा. तो उपग्रहांवरून आपली जागा काढतो आणि दर दोन मिनिटांनी रेडिओवर एकदा भर्रकन ओरडून ती सांगतो. डोंगरावर, टाकीवर बसवलेला एखादा डबा ते ऐकतो, आपली सही जोडून पुढे पाठवतो, आणि इकडे नकाशावर ठिपका उमटतो. क्लबाचे असे तीन डबे होते. एक गावातल्या पाण्याच्या टाकीवर, एक डोंगराच्या माथ्यावर आणि एक डोंगरापलीकडच्या धरणावर. धरणाचा डबा इंटरनेटला जोडलेला, तो ठिपके आणि बोलणं दोन्ही गावात पोचवायचा.

ठिपक्याच्या बाबतीत ताई भलती कडक. एकदा जीपवाल्यानं, म्हणजे क्लबातल्या एकमेव जीपच्या मालकानं, गंमत म्हणून आपला ठिपका भर समुद्रात नेऊन ठेवला होता. ताईनं त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. "ठिपका म्हणजे दिलेला शब्द. खोटा द्यायचा नाही. उद्या खरंच बुडालास तर कोण येईल?" तो बिचारा पंधरा दिवस फिरकला नाही.

आणि हीच ताई मनात एक चोरी घेऊन बसली होती.

झालं होतं असं. तिचा धाकटा भाऊ मोबाइलच्या टॉवरवर चढायचं काम करायचा. डोंगर चढायचं वेड, एका जागी बूड टेकणार नाही. ताईनं त्यालाही परीक्षेला बसवलं आणि स्वतः जुळवलेला ट्रॅकर त्याच्या बॅगेला बांधला. त्याचा ठिपका आईच्या फोनवर दिसायची सोय करून दिली. आई खूश. पण एकदा दाट झाडीत उपग्रह दिसेनासे झाले आणि ठिपका अर्धा तास गायब झाला. आईनं हाय खाल्ली. रक्तदाब चढला, एक रात्र दवाखान्यात काढावी लागली. परत आल्यावर ताईनं गुपचूप ट्रॅकर उघडला आणि त्यात बदल केला. उपग्रह दिसले नाहीत तर गप्प बसायचं नाही, शेवटची जागाच पुन्हा पुन्हा सांगत राहायची. म्हणजे ठिपका जाणार नाही आणि आई घाबरणार नाही. भावालासुद्धा तिनं हे सांगितलं नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसरं काय म्हणायचं?

त्या रविवारी धाकटा माथ्यावरचा बिघडलेला डबा उतरवून आणायला एकटाच गेला होता. बारा चाळीसला त्याचा आवाज आला. "डबा काढला. जड आहे मेला. निघालो." हसत होता. बारा बावन्नला त्याचा ठिपका माथ्याच्या जरा खाली, गावाच्या बाजूच्या सपाट खडकावर आला. एक वाजता डोंगरावर धुकं उतरलं.

दीडला आईचा फोन. "अगं, खडकावरच बसलाय तो?"

"डबा जड आहे आई. दम खात असेल."

सव्वादोनला पुन्हा फोन. "अजून तिथंच?"

"धुकं आहे ना. थांबला असेल शहाण्यासारखा. ठिपका दिसतोय ना तुला? मग झालं तर."

"हो, दिसतोय बाई," आई म्हणाली आणि निवांत झाली.

ताई मात्र निवांत नव्हती. त्याच्याजवळच्या छोट्या हातसंचावर रेडिओवरून हाका मारून तिचा घसा बसला होता. उत्तर नाही. बॅटरी संपली असेल, मास्तर म्हणाले. फोनला तिथं रेंज नव्हतीच. तीन वाजता मास्तरांनी निर्णय घेतला. सहाला अंधार पडणार, वर थंडी हाडं गोठवणारी. जीपवाला आणि कंपाउंडर यांनी खडकाच्या वाटेनं जायचं. कंपाउंडर दवाखान्यात काम करायचा, पट्ट्या-फळ्या घेऊन तयारच होता. तीन पाचला जीप निघाली. वीस-बावीस मिनिटांवर पूल. पुलापुढे अरुंद घाट, जीप वळवायला जागा नाही आणि रेडिओही पोचत नाही.

जीप गेली तशी ताईनं नकाशा बंद केला आणि नुसत्या ओळी उघडल्या. दर दोन मिनिटांची एक ओळ. एरवी त्या कोण वाचतो? सगळे ठिपकाच बघतात. ती बोट लावून आकडे वाचत गेली. बारा बावन्न. बारा चोपन्न. बारा छप्पन्न. शेवटचा आकडासुद्धा तोच. उंची अकराशे चौऱ्याऐंशी, अकराशे चौऱ्याऐंशी, अकराशे चौऱ्याऐंशी.

तिनं पुन्हा वरून वाचायला सुरुवात केली. तेच.

ट्रॅकर दगडावर ठेवून द्या, माणूस मेल्यासारखा झोपू द्या, तरी ठिपका थरथरतो. उपग्रहांचा हिशेब पाच-दहा मीटर इकडे-तिकडे होतोच. दोन तास एकाच आकड्यावर ठिपका राहत नाही. हा ठिपका थरथरत नव्हता. म्हणजे धाकटा तिथं असेल किंवा नसेल, ट्रॅकरला काहीच ठाऊक नव्हतं. तो शिकवल्याप्रमाणे पोपटासारखा बोलत होता. आणि शिकवणारी कोण?

"देवा," ती म्हणाली. "हे काय करून बसले मी!"

मग तिनं ओळीच्या शेवटी असलेल्या सह्या पाहिल्या. माथ्यावरचा डबा धाकट्याच्या पाठीवर, म्हणजे मधे ऐकणारं कुणी नाही. एक दहापर्यंत सही पाण्याच्या टाकीवरच्या डब्याची. मग बारा ओळींची जागा रिकामी, त्या कुणीच ऐकल्या नव्हत्या. एक छत्तीसपासून पुढे प्रत्येक ओळीवर सही धरणाच्या डब्याची. खडकावरून ओरडलेलं धरणाला ऐकू जायचं तर मधे अख्खा डोंगर आडवा.

घड्याळात तीन बावीस झाले होते.

"मास्तर, जीप परत फिरवा. तो धरणाच्या बाजूला उतरलाय."

मास्तरांनी माइक हातातच धरून ठेवला. "ताई, डोकं शांत ठेवा. ठिपका खडकावर आहे."

"सही धरणाची आहे."

"सिग्नल कधी कधी उड्या मारतो. हे तुम्हीच आम्हाला सांगता. धरणाकडून जायला दीड तास लागतो. तो खडकावर असला आणि आपण जीप तिकडं नेली, तर रात्रीच्या आत कुणी पोचणार नाही त्याच्यापर्यंत. खात्री आहे तुमची?"

"नाही."

"मग?"

ठिपका थरथरतही नाही हे सांगता आलं असतं, पण मास्तर म्हणाले असते, उपग्रह दिसले नाहीत तर ट्रॅकर गप्प बसतो, हा तर बोलतोय. बरोबरच होतं त्यांचं. साऱ्या क्लबाला तिनंच तसं शिकवलं होतं. तीन पंचवीस.

"ट्रॅकर खोटं बोलतोय," ती म्हणाली. "मीच त्याला शिकवलंय. आई घाबरू नये म्हणून. उपग्रह नसले तरी जुनीच जागा सांगत राहतो तो. सहा महिने झाले. कुणाला सांगितलं नाही."

मास्तर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बटण दाबलं. "जीप, जीप, पुलावर जाऊ नका. थांबा."

खरखर. नुसती खरखर. पुन्हा हाक, पुन्हा खरखर. मग जीपवाल्याचा तुटका आवाज आला, "पुलाशीच आहे. का हो?"

"ताई म्हणतात तो धरणाच्या बाजूला आहे. ठिपका खोटा आहे."

आता हा समुद्रातला ठिपका काढणार, आणि काढावाच त्यानं, असं ताईला वाटलं. तो एवढंच म्हणाला, "वळलो."

आता दीड तास. करण्यासारखं काही नाही. पावणेचारला फोन वाजला. आई.

"आहे ना गं अजून? मला दिसतोय तो. खडकावरच आहे. जेवला असेल का?"

"हो" म्हणणं किती सोपं होतं. सहा महिने ती तेच म्हणत होती.

"आई, तो ठिपका खरा नाही. तो कुठं आहे मला माहीत नाही. बहुतेक डोंगराच्या पलीकडे उतरलाय. बहुतेक पडलाय. जीप गेलीय." आणि मग ट्रॅकरचंही सगळं सांगून टाकलं.

फोन बंद झाला. वीस मिनिटांत आई दुकानाच्या दारात उभी. पायांत दोन वेगळ्या चपला, केस तसेच. ताईनं खुर्ची दिली. आई बसली, पण तिच्याकडे बघेना. मास्तरांनी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

आई बोलली ती भिंतीकडे बघत. "दुपारभर मी चहा पीत होते. बिस्कीट बुडवून खाल्लं. शेजारणीशी तिच्या सुनेवरून हसले. माझं पोर दरीत पडलं होतं आणि मी हसत होते."

"आई, तुझा रक्तदाब..."

"घाल चुलीत तो रक्तदाब. घाबरायचं तर घाबरू दे मला. त्याची आई आहे मी."

ताईला रडू आलं. तिनं आवरलं नाही. चष्मा काढून ओढणीनं डोळे पुसले आणि पुन्हा ओळी बघायला लागली. भर्र. चार चोवीस. धरणाची सही. भर्र. चार सव्वीस. ट्रॅकर निदान ओरडत तरी होता. जागा खोटी, पण आवाज खरा होता. तो कुठून येतोय हे अँटेना फिरवून शोधता येत होतं. तिनं जीपवाल्याला सांगितलं, "दर दोन मिनिटांनी थांब. हातातली अँटेना फिरव. जिकडून सगळ्यात मोठा आवाज येईल तिकडं चल. आकड्यांकडे बघूच नकोस."

पाच वाजता त्यांनी जीप सोडली आणि पायी घळीत शिरले. पाच दहाला आवाज आला, "जवळ आहे. अँटेना काढून टाकली तरी ऐकू येतोय." मग काहीच नाही. भर्र. पाच चौदा. भर्र. पाच सोळा. खिडकीबाहेरचा उजेड राखाडी झाला. भर्र. पाच अठरा. आईनं ताईचा हात धरला, बघितलं मात्र नाही.

"सापडला!" कंपाउंडरचा आवाज फाटला होता. "जिवंत आहे. पाय मोडलाय, डब्याखाली अडकला होता. गार पडलाय, पण बोलतोय. धुक्यात वाट चुकला. हातसंच फुटलाय, आणि ट्रॅकरची उपग्रहांकडची वायर काट्यांत ओढून तुटलीय."

मास्तरांनी खुर्चीत अंग टाकलं. ताई खोक्यांवरच बसली. मग खरखरीतून धाकट्याचा आवाज आला, बारीक, कुडकुडणारा.

"ताई, मी बरा आहे. आईला काही सांगू नकोस हं. घाबरेल ती."

मास्तर आजवर परवाना नसलेल्या माणसाला बटणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांनी माइक आईसमोर धरला आणि बटण स्वतःच्या अंगठ्यानं दाबून ठेवलं.

"घाबरले रे," आई म्हणाली. "खूप घाबरले. ताईनं सांगितलं मला. बोल आता, कुठं कुठं दुखतंय? सगळं सांग."