आता तुम्ही प्राचार्य

प्राचार्याच्या खुर्चीत आमच्या प्राचार्यांइतका कमी बसलेला प्राचार्य अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नसेल. आमचं कॉलेज दिग्रस-आर्णी रस्त्याला. तिथे ते नऊ वर्षं प्रमुख होते. या नऊ वर्षांत त्या खुर्चीत शिपाई बसला, पालक बसले, वर्गातून हाकललेली पोट्टी बसली, एकदा तर बोअर दुरुस्त करायला आलेला मिस्त्रीही बसला; सर तेवढे बसले नाहीत. ते आपले खिडकीजवळच्या लाकडी स्टुलावर. कोणी तक्रार घेऊन आला की खुर्चीकडे बोट दाखवायचे. "बसा. आता तुम्ही प्राचार्य. सांगा, काय करू?" आणि समोरचा बोलायला लागला की सर स्टुलावर बसल्या बसल्या मागेपुढे डोलत ऐकायचे. कीर्तनाला बसलेला माणूसही इतका डोलत नसेल. आपलं म्हणणं या माणसाच्या पार काळजात उतरतंय, असं बोलणाऱ्याला वाटायचं. भांडायला आलेली माणसं अर्ध्यातच गार व्हायची.

आमचे शिपाई गफूरभाई एकदा तणतणत गेले, की मी घंटा देतो तरी मास्तर लोक चहा सोडत नाहीत. सरांनी त्यांना बसवलं. गफूरभाई खुर्चीत दोनदा गोल फिरले, विचारात पडले आणि म्हणाले, "मास्तराईची घंटा पाच मिनिटं आधी वाजवा, पोराईची मंग." दुसऱ्या दिवसापासून दोन घंटा सुरू! स्टाफरूममध्ये बोंबाबोंब झाली. सर म्हणाले, "मी काय करू? प्राचार्यांचा हुकूम आहे."

दुसरी खोड याहून वाईट. हे गृहस्थ कोणाच्याही तासाला मागच्या बाकावर येऊन बसायचे. मी रसायनशास्त्र शिकवतो, आणि बरं शिकवतो असा माझा समज होता. एकदा फळा भरून समीकरणं लिहिली, वळून पाहतो तर मागून हात वर. "सर, मले नाही समजलं. पुन्हा सांगता काय?" साठ पोरांसमोर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दात-ओठ खात पुन्हा सांगितलं. तास संपल्यावर एक पोरगा हळूच म्हणाला, "बरं झालं सर, त्यांनी विचारलं. आमालेही नव्हतं समजलं." मी त्यालाच झापलं.

मग विज्ञान शाखेवर संक्रांत आली. पोरी दर वर्षी कमी होत होत्या. संस्थाचालकांनी साफ सांगून टाकलं, की यंदा बाहेरून समिती येते आहे. तिला प्रयोगशाळा ओस दिसली तर शाखा बंद. शाखा बंद म्हणजे पोरींचं शिक्षण बंद, आणि माझीही वरात दुसऱ्या कुठल्या तरी गावी. मला जेवण गोड लागेना. त्याच आठवड्यात दुसऱ्या वर्षाची एक पोरगी नाव काढून घ्यायला आली. सर म्हणाले, "ये वं माय, बस. आता तू प्राचार्य. नाव काढायचं का नाही, तूच सांग."

ती खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. म्हणाली, "सर, प्रॅक्टिकल दोन वाजता राह्यते. आमची बस अडीचची. मंगची साडेसहाले. हिवाळ्यात घरी जाईपर्यंत अंधार पडते, तं बाबा म्हणते, कायले पाह्यजे सायन्स?" सर डोलत राहिले. ती जरा मागे सरकून नीट बसली. "सकाळी साडेसातले ठेवा ना सर प्रॅक्टिकल. सकाळची बस आहे आमाले."

सकाळी साडेसातला! थंडीत! झोप ही माझी एकुलती एक इस्टेट, तीही गेली. आग लागो त्या खुर्चीला, असं मी उघड म्हणालो. पण महिन्याभरात गेलेल्या पोरी परत आल्या आणि प्रयोगशाळेत टेबलं अपुरी पडू लागली. नाक मुरडत का होईना, मी सातलाच हजर असायचो.

समिती आली ती दुपारी. आमच्या हुशारीचा नमुना पाहा, त्यांना पाठवलेल्या फायलीत वेळापत्रक जुनंच राहिलं होतं, आणि ते टाईप केलं होतं मी. बरोब्बर दोन वाजता तीन पाहुणे प्रयोगशाळेच्या दारात आणि दाराला कुलूप! समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "प्रात्यक्षिकं कुठे आहेत?"

"सकाळीच झाली," सर म्हणाले.

"वेळ कोणी बदलली?"

"प्राचार्यांनी."

"प्राचार्य तुम्हीच ना?"

"त्या दिवशी नव्हतो," सर शांतपणे म्हणाले, आणि त्या पोरीला आणायला गफूरभाईंना गाडीवर बसस्टॉपकडे पिटाळलं.

ती पोरगी गाडीवरून उतरली ती घाईघाईतच. अध्यक्ष म्हणाले, "सकाळी खरंच प्रयोग होतात, याला पुरावा काय?" तिने दोन्ही हात पुढे केले. सिल्व्हर नायट्रेटचे डाग, बोटं काळी. "हे आजचे. साबणानं जात नाहीत, आई रोज बोंबलते. सर, मी जाऊ? माही बस चुकते." उत्तराची वाट न पाहता ती पळाली. अध्यक्ष हसले. कुलूप उघडून त्यांनी रजिस्टरं पाहिली, सकाळच्या ओल्या परीक्षानळ्या पाहिल्या. शाखा वाचली.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. ज्येष्ठ म्हणून माझ्या गळ्यात प्रभारी प्राचार्यपद पडलं. परवा ते निरोप घ्यायला आले. मुलीकडे नाशिकला कायमचे चाललेत. मी उठलो, खुर्ची पुढे केली. "बसा सर. आता तुम्ही प्राचार्य."

"नाही रे बाप्पा," ते हसले. "माही बस आहे."

मी विचारलं, "सर, ही रीत तुम्ही कुठे शिकलात?"

"रीत कायची? मले समजत नव्हतं, म्हणून विचारत होतो. ती पोरगी आली ना, त्या दिवशी समिती यायच्या आधीच शाखा बंद करतो, असा कागद माह्या खिशात होता. फक्त सही राह्यली होती. आठ दिवस डोकं खाजवलं, काही सुचेना. म्हटलं, हिलेच विचारू."

त्या कागदावर सही झाली असती, तर आज मी कुठे असतो आणि ती पोरगी कुठे असती? सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि छत्री घेऊन निघाले.

ते गेले आणि एका विद्यार्थिनीची आई तक्रार घेऊन आत आली. मी तिला खुर्चीत बसवलं, "सांगा ताई, काय करू?" म्हटलं आणि पहिल्यांदाच खिडकीजवळच्या स्टुलावर बसलो. बसलो आणि मागे गेलो, सावरलो तर पुढे आलो. स्टुलाचा एक पाय आखूड आहे. नऊ वर्षं सर त्याच्यावर तोल सांभाळत बसले होते, आणि आम्हाला वाटायचं, काय मन लावून ऐकतो हा माणूस! ती बाई माझ्याकडे पाहून भरभरून बोलायला लागली. नंतर गफूरभाई म्हणाले, "सुताराले बोलावू काय?" मी म्हटलं, राहू द्या.