आधी डबा दाखव

कोणाच्याही घरात पाय ठेवला की बाई आधी डाळीच्या डब्यात हात घालायच्या. कोणी बसा म्हणायच्या आत, पाण्याचा गडवा यायच्या आत. "आधी डबा दाखव," म्हणत थेट चुलीपाशी. मूठभर डाळ काढायची, दारातल्या उजेडात न्यायची, तळहातावर पसरून बोटानं दाणा दाणा बाजूला सारायचा. मग डाळ परत डब्यात आणि बाई खाटेवर. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, हिचं डोकं फिरलं आहे. एका लग्नात त्यांनी स्वयंपाक्याच्या पोत्यात हात घातला. तो म्हणाला, "काहून वो बाई, नवरी पाहाले आल्या का डाळ?" बाई हसल्या, पण मूठ उजेडात नेऊनच.

मी तेव्हा लाखनीहून आतल्या एका गावात नर्स होते. डांबरी सडक सोडली की दीड तास बांधाबांधानं पायी. ऐंशीच्या आसपासची वर्षं. माझ्याकडे पाच गावं होती, आणि पाय दोनच. दमले की मी कोणाशी धड बोलत नसे, हे आत्ताच सांगून टाकते. बाई त्याच गावच्या बालवाडीत होत्या. मूळच्या पवनीच्या. नवरा मागावर लुगडी विणायचा, तो गेल्यावर ही नोकरी धरून इकडे आलेल्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, तरी मला "नर्सबाई" आणि अहोजाहोच.

डब्याचं हे मागाहून लागलं; तेव्हा त्यांचं पालुपद वेगळं होतं. "पांढरं हाय म्हनून दूध नाही होत, माय." कारण आमच्याकडे अंगावरचं दूध आटलं की पोराला पेज पाजायची. तांदळाची पांढरीशुभ्र पेज. बघणाऱ्याला वाटावं, लेकरू दूध पिऊन राहिलं. गाई होत्या, पण त्या बैलांसाठी पाळलेल्या. वासराचं भागलं की माणसाच्या वाट्याला वाटीभर दूध, तेही चहात जायचं. बाई पेजेच्या वाटीत बोट बुडवून वर धरायच्या. पेज लगेच ओघळून जायची, बोट धुतल्यासारखं स्वच्छ. "पाहा, काही चिकटलं का? मग पोटात काय चिकटन?"

नाल्यापलीकडच्या गावातल्या शेवंताच्या सुमीला मात्र खरं दूधच सोसत नव्हतं. सव्वा वर्षाची पोर. शेवंताला दुसऱ्यांदा दिवस राहिलेले, अंगावरचं तुटलेलं. गाईचं दूध दिलं की उलटी, हगवण, अंगावर गांधी. मी पाणी घालून दिलं, बकरीचं देऊन पाहिलं, डब्याची पावडर मागवली. पोर सुकत चालली. शेवटी मी शेवंतालाच ओरडले, की तू भांडी नीट घासत नसशील. बोलायला काही उरलं नाही की माणूस असंच काहीतरी बोलतो.

बाईंनी शेंगदाणे आणले. रात्रभर भिजवलेले, सालं काढलेले. पाट्यावर वाटले, पाणी घातलं, नवऱ्यानं विणलेला पंचा काढून त्यातून गाळले. चुलीवर ठेवून भरपूर उकळलं, ढवळत राहिल्या. खाली उतरवलं तर खरंच दूध! शेवंताची सासू खाटेवरून म्हणाली, "शेंगदाण्याले थान असते का वो बाई?"

"वडाले तरी कुठं हाय, मामी? पान तोडलं का निघतेच ना."

सासू तोंडाला पदर लावून हसली. सुमीनं वाटी संपवली. आम्ही दुपारभर तिथेच बसून राहिलो, उलटी होते का बघत. झाली नाही. बाई दर दोन दिवसांनी जायच्या. कधी तीळ वाटून द्यायच्या, सोबत मऊ भात, शिजवून घोटलेली भाजी. महिन्यात पोरीच्या गालावर मांस आलं. भिंत धरून उभी राहायला लागली. मी वहीत "सुधारणा" असं लिहिलं, आणि खोटं कशाला बोलू, जरा जळलेही.

मग धानाची रोवणी लागली. चिखलात वाकून वाकून बायांच्या कमरा मोडलेल्या. आम्ही दोघी संध्याकाळी शेवंताकडे गेलो. तिनं विचारलं, "बाई, दाणे सरले तं काय करू? आता लाखनीले कोन जाते?"

बाई म्हणाल्या, "घरात डाळ असन ना? कोनतीही घे. शिजव, वाट, गाळून दे. डाळीतही ताकत असते."

मी दारात बसून पायातला काटा काढत होते. ते मी ऐकलं. आमच्या भागात कापणीआधी धानाच्या ओल्या बांधीतच लाखोळी, म्हणजे लाखेचं कडधान्य, फेकून पेरतात. ती घरोघरी असते. तिची डाळ, तिचे वडे, तिच्या पाल्याची भाजी, सगळे आवडीनं खातात. पण नर्सिंग शिकताना आम्हाला शिकवलं होतं, की रोज रोज तीच पोटात गेली तर पाय धरतात, माणूस लुळा होतो. माझ्या मनात आलं, "लाखोळी सोडून" एवढं म्हणावं. दोनच शब्द. पण म्हटलं की सासू विचारणार, आमच्या बापजाद्यांनी खाल्ली त्यांचं काय झालं? मग समजावत बसा. तीन गावं फिरून आले होते मी. म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू. काटा निघाला, मी उठले.

पुढची खेप लांबली. नाल्याला पूर, मग माझा ताप, मग कॅम्प. बाई त्या हंगामात बालवाडीत अडकलेल्या. पोर खाते, हगवण नाही, असा निरोप यायचा आणि आम्ही दोघी निश्चिंत.

चार महिन्यांनी गेलो तर सुमी गुबगुबीत. पण भिंत धरत नव्हती. उभी केली की पाय ताठ व्हायचे, एकात एक अडकायचे, आणि ती मटकन बसायची. बाईंनी दोनदा उभी केली, दोनदा बसली. मग त्या शेवंताला म्हणाल्या, "माझ्यासमोर दूध करून दाखव."

शेवंतानं कौतुकानं डबा काढला. मुठीत डाळ घेतली. चपटी, कोपरे असलेली, राखाडी झाक मारणारी.

"हे कायची?"

"लाखोळीची. घरचीच हाय. तुमीच त सांगतलं, कोनतीही घे."

बाई खाली बसल्या. शेवंताच्या हातातली डाळ आपल्या हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. "मीच सांगतलं," म्हणाल्या. "हो माय, मीच सांगतलं." शेवंता घाबरली, रडायला लागली, तर बाई तिलाच समजावत बसल्या. मी सुमीचे पाय दाबून बघत होते. तेव्हा तरी मला बोलता आलं असतं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नक्की काही म्हणता येत नाही. अशक्तपणा असेल, उपजतच काही असेल, डाळीनंही असेल. ती बंद करा आणि वाट पाहा. मी बाईंना म्हटलं, "बघा, डाळीनंच असं नाही म्हणाले ते." बाई म्हणाल्या, "नाहीच असंही नाही म्हनाले, नर्सबाई."

त्यानंतरचा त्यांचा डब्यांचा सोस तुम्हाला कळलाच असेल. लाखोळी फेकायला कोणी तयार नव्हतं, आणि का फेकतील? मग बाई सांगायच्या, मोठ्यांनी खा, पण गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेका, लेकराच्या वाटीत मात्र दाणाही नको. सुमीसाठी शेंगदाणे त्या स्वतःच्या पिशवीतून न्यायच्या. दर रविवारी, दोन कोस जाऊन दोन कोस येऊन. तिथे पोरीचे पाय तेलानं चोळायच्या, दूध काढून ठेवायच्या. येताना माझ्या दारावरून जायच्या, पण आत यायच्या नाहीत. "अजून काही नाही," एवढंच सांगायच्या. ते "काही नाही" ऐकायला नको म्हणून मी रविवारी मुद्दाम दुसऱ्या गावाची फेरी लावायला लागले. लाज वाटते सांगायला, पण लावायचे.

तीन वर्षांची होत आली तेव्हा सुमी चालली. कोंबडीच्या पिल्लामागे अंगणात पाच-सहा पावलं गेली आणि धपकन पडली. शेवंता ओरडली, सासूनं खाटेवरून हात जोडले. मी बाईंकडे पाहिलं. त्या पोरीच्या पायांकडे बघत होत्या. "डावा पाय पाहा," म्हणाल्या, "आत वळते." खरंच वळत होता, किंचित. दमली की जरा घासायचाही. मी म्हटलं, "बाई, चालली ना पोर! आता तरी रविवार सोडा." त्यांनी सोडला नाही. सुमी शाळेत जाईपर्यंत सोडला नाही.

माझी बदली पवनीला झाली, त्यानंतर काही वर्षांनी बाईही गावी परत आल्या. डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, ऑपरेशन बिघडलं, दिसणं जवळजवळ गेलं. मी मुद्दाम गेले त्यांच्याकडे. सांगायचंच, असं ठरवून गेले. बाई, तुम्हाला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी दारात बसून ऐकलं आणि गप्प राहिले. वाटेत चारदा घोकलं.

भाचसुनेनं चहा ठेवला. बाई भिंतीला टेकून बसलेल्या. जवळ डाळीचा डबा होता. भाचसूनच त्यांना डाळ निवडायला द्यायची, वेळ जावा म्हणून. दिसत नसलं तरी बाई चिमटीत दाणा धरून त्याचे कोपरे चाचपायच्या.

"नर्सबाई, सुमी भेटली होती का?"

"भेटली, लाखनीला गेले होते तेव्हा बाजारात. सातवीत आहे."

"चालते ना?"

"चालते."

"सरळ?"

बाजारात मी तिला दुरून येताना पाहिलं होतं. डाव्या पायावरूनच ओळखलं होतं.

"सरळ," मी म्हटलं. "एकदम सरळ. पाहून कळतही नाही."

बाईंचा हात डब्यात थांबला. त्यांनी चाचपून झाकण लावलं. मग म्हणाल्या, "बरं झालं वो. आता झोप लागन." हे ऐकल्यावर मला माझं काढता येईना. काढलं असतं तर ही झोपही गेली असती. मी चहा प्याले आणि निघाले.

त्या पावसाळ्यात बाई गेल्या. भाचसुनेनं तो पंचा मला आणून दिला, दूध गाळायचा. धुऊन पिवळा पडलेला. तो माझ्या कपाटात आहे. अजूनही कोणाकडे गेले की मी डबा उघडत नाही, पण तो कुठे ठेवला आहे हे माझे डोळे आधी शोधतात.