ध्रुवावरच्या खाणीचा दुभाषा

आम्हां आर्वीकरांना उत्तर ध्रुवाची माहिती मिळाली ती ऐन मे महिन्यात. नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतरचा पहिला उन्हाळा होता. ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटावर बारा वर्षं कोळसा काढलेला एक नॉर्वेचा माणूस वर्ध्याकडे आश्रम पाहायला आला होता. त्याचं व्याख्यान आमच्या वाचनालयात ठेवलं. मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचो, म्हणून दुभाषा मी. अध्यक्ष कापसाच्या एका जिनिंग कारखान्याचे मालक. ध्रुव आणि आर्वी यांतलं साम्य त्यांनी अर्धा तास सांगितलं. कोणाला काही कळलं नाही, तरी टाळ्या पडल्या. निम्मे श्रोते त्यांचेच मजूर होते.

पाहुणा घामानं निथळत बोलू लागला. हिवाळ्यात तिथं चार महिने सूर्य उगवत नाही. समुद्र गोठला की बोट बंद, पत्र बंद. महायुद्धात जर्मनांनी गाव जाळलं, खाणही पेटवली; युद्ध संपताच ही माणसं परत गेली आणि पुन्हा कोळसा काढू लागली. इथवर मी प्रामाणिक होतो. मग तो म्हणाला, मजुरांचं जेवणघर वेगळं आणि साहेबांचं वेगळं. समोरच अध्यक्ष बसलेले. मी सांगितलं, "तिथं सगळे एका कुटुंबासारखे राहतात." अध्यक्षांनी समाधानानं मान डोलावली.

मागून एक मजूर उठला. पन्नाशीचा, नुकताच बौद्ध झालेला, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायच्या कामावरचा. "गुरुजी, त्यायले विचारा, साहेब अन् मजूर एका जागी जेवतेत का?"

विचारावंच लागलं. पाहुण्यानं दोन बोटं दाखवली आणि दोन्ही हात लांब फाकवले. भाषांतराची गरज उरली नाही.

"मंग तुमी कुटुंब काऊन म्हनलं?" मजुरानं शांतपणे विचारलं.

 अध्यक्षांना आभारप्रदर्शन आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा म्हणाला, मला त्या मजुराकडे जायचंय. गेलो. मजुराच्या बायकोनं आम्हा दोघांना पाणी दिलं, मग चहा. मजुरानं तासभर विचारलं: खाणीत माणूस मेला तर बायकोला काय मिळतं, संप केला होता का. केला होता. या वेळी मी एक शब्द गाळला नाही.

ती बौद्धांची वस्ती माझ्या खोलीपासून दोनशे पावलांवर होती. समतेवर मी वर्गात दर वर्षी निबंध लिहून घेत असे. तिथलं पाणी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा प्यालो, आणि तेही ध्रुवावरचा माणूस घेऊन गेला म्हणून.