अर्धं सांगितलेलं पाणी

आमच्या तलावावर एक रीत आहे. कुणी पाणी विचारलं तर ते पुरं सांगायचं. वर किती गरम, कमरेखाली कसं, तळाशी कसं, शेवाळ कुठे आलंय, वारा कुठून आहे, सगळं. विचारणारा वैरी असला तरी. बाबा आणि काका यांच्यात जाळं टाकायच्या जागेवरून कित्येक वर्षं अबोला होता. एकमेकांच्या घरची लग्नं दोघांनी चुकवली. पण सकाळी काका तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दहा हात लांब उभे राहून, दुसरीकडेच बघत विचारायचे, "पानी कसं हाय?" आणि बाबा अगदी शांतपणे तळापर्यंतचं सगळं सांगायचे. मग दोघं पाठ फिरवायचे.

मला भाऊ नाही. म्हणून डोंग्यात, आमच्या लहानशा होडीत, बाबांच्या मागे मी बसले, आणि लग्नानंतरही हेच गाव, हाच तलाव राहिला. पाणी मी अंगाने शिकले. पौषात पहाटे पाण्यावरून वाफा निघतात. पाय घातला की बाहेरच्या हवेपेक्षा पाणी ऊबदार लागतं, पण बाहेर आलं की दात वाजतात. थंडी सुरू होते तेव्हा दोन-चार दिवस तळाचं पाणी वर येतं, वास मारतं आणि मासे तोंड वर काढून हवा खातात. श्रावणात गढूळ पाण्यात थंड आणि कोमट धारा एकमेकींत घुसलेल्या असतात, आपलाच हात दिसत नाही. सगळ्यात फसवं पाणी वैशाखातलं. वरचं पुरुषभर पाणी आंघोळीला काढल्यासारखं आणि त्याच्याखाली एकदम गार. तुडूमाजवळ, म्हणजे शेतीला पाणी सोडायच्या दगडी मोरीपाशी, तलाव चार पुरुष खोल आहे. तिथे वैशाखात बुडी मारली की छाती आवळते आणि पोटऱ्यांत गोळे येतात. आम्ही तिथे आधी अंग भिजवून, थोडं थोडं खाली जातो.

आता ज्याला मी पाणी अर्धं सांगितलं त्या माणसाबद्दल. मी साकोलीला नववीत होते तेव्हा ते आमचे खेळाचे सर होते. तालुक्याच्या पोहण्याच्या स्पर्धेसाठी मुली निवडायच्या होत्या. मी रांगेत पहिली उभी राहिले होते, कारण माझ्याइतकं पोहणारी त्या शाळेत कुणी नव्हती. सरांनी विचारलं, कुठे शिकलीस? मी सांगितलं, आमच्या तलावात, बाबांकडून. ते हसले. "त्याला पोहणं नाही म्हणत, डुंबणं म्हणतात. म्हशीसुद्धा डुंबतात." आणि पुढच्या मुलीकडे वळले.

त्या दिवसापासून दहावी संपेपर्यंत मी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून हंबरणं ऐकू यायचं. सरांनीही ते ऐकलं होतं. एकदा तर त्यांना हसू आवरलं नाही. दहावीनंतर मी शाळेचं नाव काढलं नाही. कारण विचारलं की मी घरच्या कामाचं सांगायचे, पण खरं कारण ते हंबरणं होतं.

तर हे सर निवृत्त झाले आणि दोन वर्षांपूर्वी तब्येतीसाठी म्हणून आमच्याच तलावावर पोहायला येऊ लागले. स्कूटरवरून, सोबत दोन मित्र. डोक्याला रबरी टोपी, डोळ्यांना चष्मा, आणि दोरीला बांधलेला थर्मामीटर. तो पाण्यात हातभर सोडायचा, वर काढायचा आणि मित्रांना मोठ्याने आकडा सांगायचा. मला त्यांनी ओळखलं नाही. मी मात्र पहिल्याच दिवशी ओळखलं. टोपीखालचं तेच हसू होतं. हिवाळाभर मी डोंग्यातून त्यांना बघत राहिले आणि वैशाखाची वाट पाहिली. खोटं कशाला बोलू, वाटच पाहिली.

वैशाखात एका सकाळी सरांनी मित्रांना सांगितलं की आज तुडूमाच्या दगडाला हात लावून येणार. थर्मामीटर हातभर पाण्यात लोंबत होता. मी पाच-सात हातांवर डोंग्यात जाळं ओढत होते. पाळीवर बाबा जाळं विणत बसले होते. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, पाणी कसं आहे?"

पाणी विचारलं होतं. मला तळापर्यंत सगळं ठाऊक होतं.

"गरम आहे, सर," मी म्हणाले आणि जाळ्याकडे वळले.

सरांनी उडी मारली, सरळ खाली. थोडे बुडबुडे आले. मग ते एकदा वर आले, तोंड उघडं, चेहरा राखेसारखा, आवाज नाही. पुन्हा खाली गेले. त्यांचे मित्र काठावर हसत होते, त्यांना ती गंमत वाटली. मी वल्हं हातात धरून बसून राहिले. म्हैस, हा शब्द मनात तीनदा म्हणून झाला, सावकाश. मग मी उडी मारली.

दोन पुरुष खाली ते सापडले. काखेत हात घालून वर आणलं आणि मान पाण्याबाहेर ठेवून, मला येतं तसंच पोहत, काठाला ओढलं. पाळीवर पालथं घालून पाठ दाबली तेव्हा त्यांनी माझ्या पायांवर पाणी ओकलं. मित्र रडत होते. मला बरं वाटत होतं. फार बरं. थर्मामीटर अजून पाण्यात लोंबत होता, आणि त्यातला आकडाही मी सांगितलं तेच सांगत होता.

सर हात जोडून म्हणाले, "देवासारख्या आलात, बाई." स्कूटर मित्राने चालवली.

ते गेल्यावर बाबांनी जाळं खाली ठेवलं. "त्यानं तुले पानी इचारलं होतं. तू अर्धं काहून सांगतलं?"

"त्यानं मले म्हैस म्हटलं होतं. साऱ्या शाळेसमोर."

"म्हटलं असन," बाबा म्हणाले. "पन पानी इचारलं होतं ना?"

मी म्हणाले, वाचवलं ना मी त्याले. बाबा जाळं उचलून घरी गेले.

कुणी मला काही बोललं नाही. लोक भांडले असते तर मीही दहा तोंडांनी भांडले असते. दुसऱ्या दिवसापासून पाळीवर येणारे माझ्या नवऱ्याला पाणी विचारू लागले. काकांकडची माणसं मी दिसले तरी थांबून नवऱ्याची वाट बघायची. बाबा तर कुणालाच विचारत नाहीत. ऐंशीला आलेला माणूस काठीला धरून पायऱ्या उतरतो आणि स्वतःचा पाय पाण्यात घालून बघतो. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असते.

दीड महिन्याने सर परत आले. टोपी होती, थर्मामीटर नव्हता. ते थेट माझ्या डोंग्यापाशी आले. "बाई, पाणी कसं आहे? वर कसं, खाली कसं, सगळं सांगा. तुमच्याशिवाय मी कुणाला विचारणार नाही."

मी सगळं सांगितलं. शेवाळ, वारा, तळ, सगळं. ते रोज विचारतात, मी रोज सांगते. आमच्या तलावावर मला पाणी विचारणारा आता तो एकटाच आहे.