भिंगरीचा उजवा हात

बस डेपोत त्याला सगळे भिंगरी म्हणायचे. एकतीस वर्षं बस चालवली, पण शेवटच्या थांब्यावर पाच मिनिटं मिळाली तरी गडी स्वस्थ बसायचा नाही. टायरला लाथ मार, काच पूस, काहीतरी चालूच. निवृत्त झाल्यापासून चार महिने तो घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होता. त्यात थंडी सरली, झाडांना पालवी फुटली, ऊन चावायला लागलं आणि अंगाला खाज सुटली.

मुलगी त्वचेच्या डॉक्टरांकडे कामाला होती. रविवारी सकाळी तिने त्याच्या हातातली मलमाची डबीच काढून घेतली.

"बाबा, हे जाड मलम थंडीपुरतं. आता थापलंत तर घाम कोंडणार, खाज सुटेल नाही तर काय! आता हे पातळ लोशन, आणि बाहेर पडताना हे उन्हाचं क्रीम."

"या वयात रंगरंगोटी? डेपोतले हसून हसून मरतील."

"मरू देत. बसा आधी."

खिडकीजवळच्या स्टुलावर तो कसाबसा टेकला. तिने तोंडाला, मानेला, डाव्या हाताला क्रीम लावलं. उजवा हात मात्र दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा होता. एकतीस वर्षं खिडकीबाहेर ऊन खाऊन रापलेला. कोपराजवळ तिचं बोट थांबलं.

"हे कधीपासून आहे?"

"खपली आहे गं. बसच्या खिडकीला घासलं असेल."

"ती खिडकी सुटून चार महिने झाले, बाबा."

तिने क्रीमचं झाकण लावलं आणि लगेच डॉक्टरांना फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली.  

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि तिथल्या कातडीचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. उत्तर यायला आठ दिवस लागणार होते. त्या आठ दिवसांत त्याने घरातले सगळे नळ आवळले, त्यातला एक मोडला. कोथिंबीर, मिरच्या, लिंबं आणायला तीन वेगळ्या फेऱ्या मारल्या. डेपोच्या फाटकापर्यंत जायचा आणि कुणी हाक मारायच्या आत परत फिरायचा. संध्याकाळी मुलीने चप्पल काढली की विचारायचा, "आलं का काही?"

"अजून नाही."

एकदा तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं. त्याने तो मुकाट्याने पिऊन टाकला.

नवव्या दिवशी कळलं: कॅन्सरच, पण अगदी सुरुवातीचा. कापून पुरता काढला, सात टाके पडले. "अंगावर काढलं असतं तर महागात पडलं असतं," डॉक्टर म्हणाले.

आता तो न सांगता क्रीम लावतो, कानांच्या पाळ्यांनाही. डेपोतले हसले, हसू देत. फक्त मुलीने घातलेली एक अट त्याला सोसत नाही: लावल्यावर वीस मिनिटं घरात थांबायचं. तो चप्पल घालून दारातच उभा राहतो.

"झाली का गं वीस?"

"चार झाली, बाबा."